उलटा टांगलेला डबा

काकांनी कधी ‘इंटरनेट बंद आहे’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक धापा टाकत जिना चढून यायचं, लॅपटॉप टेबलावर ठेवायचं आणि सांगायचं, "काका, सिग्नलच्या कांड्या फुल्ल आहेत, पण नेट नाही." काका चष्म्याच्या वरून बघायचे.

"नाही म्हणजे? कुठपर्यंत नाही?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. काका मग बोटांवर मोजत सांगायचे, "लॅपटॉपपासून डब्यापर्यंत आहे का? डब्यापासून भिंतीपर्यंत? भिंतीपासून खांबापर्यंत? खांबाच्या पुढे सरकार आहे, तिथे आपण जात नाही."

डबा म्हणजे राउटर. हा शब्द काकांना येत नव्हता असं नाही. पण ज्या वस्तूला दोन भोकं आणि तीन दिवे आहेत तिला इंग्रजी नाव देऊन डोक्यावर का बसवायचं, असं त्यांचं म्हणणं. "कांड्या फुल्ल आहेत याचा अर्थ एवढाच, की तुमचं आणि डब्याचं बोलणं चालू आहे. डब्याचं बाहेर कुणाशी पटतंय का, ते कांड्या सांगत नाहीत. घरात गोडीगुलाबी आहे म्हणून गावात पत आहे असं होतं का?"

नाशिकला मेन रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, लॅपटॉप दुरुस्तीचं हे दुकान होतं. तिथे मी चार वर्षं काम केलं. लॅपटॉप घ्यायचा, चिठ्ठी लिहायची, फोन उचलायचा, चहा सांगायचा, आणि काका स्टुलावर चढले की स्टूल धरायचं. दुकानात काम करणारे आम्ही दोघंच. ते आणि मी.

तिथे मी कशी लागले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं माहेर वाशीमकडचं. शाळा दुसऱ्या गावात, सायकल घरात एकच. मी नववीत गेले आणि धाकटा भाऊ पाचवीत गेला. सायकल त्याला मिळाली, शाळाही त्यालाच मिळाली. लग्न झालं, नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात काम लागलं, आणि आम्ही सिडकोत एका खोलीत येऊन राहिलो. नातेवाईक चारशे किलोमीटरवर. नाशिकची माणसं चांगली, पण ‘तुम्ही कुठल्या?’ विचारलं आणि मी गावाचं नाव सांगितलं, की ‘हो का’ म्हणून गप्प व्हायची. एक दिवस काकांच्या जिन्याखाली चिठ्ठी दिसली : ‘कामाला बाई पाहिजे. बारावी पास. भित्री नको.’ दुसरी अट माझ्याकडे नव्हती आणि तिसरीही. तरी मी जिना चढले. काकांनी विचारलं, "बारावी?" मी मान हलवली. पुढे कित्येक महिने मी स्वतःची समजूत घालत होते, की तोंडाने खोटं बोलले नाही, नुसती मान हलवली.

"आणि भित्र्या आहात का?"

"नाही," मी म्हटलं, आणि हातातली पिशवी खाली पडली.

"उद्यापासून या," काका म्हणाले.

त्यांचं वय तेव्हा साठीच्या अलीकडचं असेल. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि लोक जिथे पेन लावतात तिथे टेस्टर. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कांड्या फुल्ल होत्या. पुढे कनेक्शन झालं नाही." त्यावर तेच हसायचे, मग गंभीर व्हायचे, आणि समोरच्याच्या लॅपटॉपचं झाकण जरा जास्तच जोराने पुसायचे.

त्यांचं शिक्षण गच्चीवर झालेलं. नव्वद सालानंतरची काही वर्षं त्यांनी गावभर टीव्हीचे अँटेना फिरवले. वर हे, खाली घरातला कुणीतरी खिडकीत. हे वरून ओरडायचे "आलं का?" खालून "आलं!" मग लगेच "गेलं!" पंचवटीत एका घरी क्रिकेटची मॅच चालू असताना चित्र नुसतं यांनी अँटेनाला धरलं तरच यायचं. घरच्यांनी मॅच संपेपर्यंत यांना खाली उतरू दिलं नाही, चहा शिडीवरून वर पाठवला. "मॅच कोण जिंकलं ते मला कधी कळलं नाही," काका सांगायचे, "पण त्या दिवशी एक कळलं. बिघाड शोधणाऱ्याला चित्र दिसत नसतं. त्याला खालच्या माणसाच्या शब्दावर चालावं लागतं. आणि खालचा माणूस खोटं बोलत असतो."

खालचा माणूस खोटं बोलतो, या एका सिद्धांतावर त्यांचं दुकान उभं होतं. टेबलामागे भिंतीवर पाटी होती : ‘येथे आपोआप काही होत नाही.’ म्हणजे गिऱ्हाईकाने येऊन ‘मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं’ असं म्हटलं, की काका लॅपटॉपला हात लावायचे नाहीत. पाटीकडे बोट दाखवायचे, पाणी द्यायचे आणि समोरच्या बाकावर बसवून ठेवायचे. "शेवटी काय केलंत ते आठवा. घाई नाही." मोठमोठी माणसं त्या बाकावर बसून घामाघूम झालेली मी पाहिलीत. शेवटी कबुली यायची. भाच्याने सांगितलं म्हणून अमुक दाबलं. बायकोने धूळ बसते म्हणून डबा पत्र्याच्या कपाटात ठेवला. लॅपटॉपच्या कडेला सिग्नल बंद करायचं एक बारीक बटण असतं, ते पोराने मागे सरकवलं. कबुली मिळाली की काकांचा चेहरा उजळायचा आणि पाच मिनिटांत काम व्हायचं. मला वाटायचं, कबुली दिली नसती तरी ते पाच मिनिटांतच झालं असतं. पण मी बोलायचे नाही. मी कशी बोलणार?

लॅपटॉपला ते पाहुणा म्हणायचे. पाहुणा आला की आधी दहा मिनिटं टॉवेलखाली विश्रांती. "दुसऱ्याच्या घरून आलाय, लगेच काय प्रश्न विचारायचे?" मग उघडायचा. काळ्या चौकटीत काहीतरी टाइप करायचे, ओळी धावायच्या, आणि काका त्या ओळींना मान डोलवत हुंकार द्यायचे. मला म्हणायचे, "बघा ताई, आपण हाक मारतोय. डब्याला मारली, डबा ओ देतोय. आता खांबापलीकडच्या एखाद्याला मारू. बघा, ओ नाही. म्हणजे घोटाळा डबा आणि खांबाच्या मध्ये." मला इंग्रजी अक्षरं लावता यायची, पण शब्द होईपर्यंत ओळ निघून जायची. मी "हो ना काका" म्हणायचे.

एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक आले. सिग्नल होता, नेट नव्हतं. काकांनी लॅपटॉपचा आकडी पत्ता बघितला आणि मला बोलावलं. "हे बघा. डब्याने याला पत्ता दिलेला नाही. कुणी पत्ता दिला नाही की हे लॅपटॉप स्वतःच एक बनवून घेतात आणि बसतात, जसं काही सगळं ठीक आहे." मग प्राध्यापकांकडे न बघता म्हणाले, "आपणच आपल्याला दिलेल्या पत्त्यावर बाहेरून काही येत नसतं."

प्राध्यापक हसले. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि पाणी नसताना विसळत बसले.

माझ्या आधी त्यांच्याकडे एक माणूस होता. त्याच्या हातून एका वकिलांचा लॅपटॉप पडला. काकांनी विचारलं, हा कोपरा कसा चेमटला? तो म्हणाला, मला माहीत नाही. काकांनी त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं. ही गोष्ट काका मला दर महिन्याला एकदा सांगायचे, आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "पडला म्हणून नाही काढला ताई. माहीत नाही म्हणाला म्हणून काढला." मी मान खाली घालून चिठ्ठ्या लिहायचे. मला काम हवं होतं. पगारापेक्षाही, सकाळी कुठेतरी जायचं आहे आणि तिथे कुणीतरी ‘ताई’ म्हणतंय, ते हवं होतं. खोलीत बसून मी भिंतींशी बोलायला लागले होते. आणि वऱ्हाडी बोलत होते, तेही ऐकणाऱ्या भिंती नाशिकच्या.

आता डबा. दुकानातला डबा काकांनी स्वतः बसवला होता, आणि उलटा. म्हणजे वायरी वर, आणि अँटेनाची कांडी खाली लोंबणारी. येणारा प्रत्येक जण विचारायचा. काका सांगायचे, "गिऱ्हाईक खाली बसतं. सिग्नल खाली नको पडायला?" त्या डब्याला हात लावायचा नाही हा दुकानाचा नियम. दुसरा नियम असा, की लॅपटॉप कशासाठीही आलेला असो, पंखा, कळपाटी, बिजागरी, तो आमच्या डब्याला जोडून, त्यावर इंटरनेट चालू करून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा नाही. दुकानात काकांचा स्वतःचाही एक जुना संगणक होता, पण त्याला त्यांनी इंटरनेट कधी दिलंच नाही. "घरातलं एक तरी माणूस बाहेरच्या नादी लागलेलं नको."

खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा असायची. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी, सगळं पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं. माझ्या दुसऱ्या वर्षी काका म्हणाले, "ताई, डब्याचीही करा. तोच खरा राबतो." मी आनंदाने केली. झेंडूची माळ करून डब्यावरून सोडली. उदबत्तीचं घर पाटावर होतं, डबा भिंतीवर. उदबत्ती लावायची कुठे? तर डब्याच्या वरच्या कडेला, वायरींच्या शेजारी, एक बारीक भोक होतं. इतकं नेमकं, की जणू त्यासाठीच केलेलं. त्याच्याखाली काहीतरी बारीक इंग्रजी लिहिलं होतं. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल. उदबत्तीची काडी मी भोकात रोवली. ती डुगडुगत होती, म्हणून बोटाने खाली दाबून धरली, मनात देवीचं नाव घेईपर्यंत.

तेवढ्यात डब्याचे सगळे दिवे विझले. आणि मग ते एकेक करून पुन्हा लागले. मला वाटलं, पूजा पोचली. मी हात जोडले.

दसऱ्याला दुकान बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं, आणि पहिले आले ते दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार. त्यांच्या लॅपटॉपचा पंखा बदलून तयार होता. काकांनी जोडला. कांड्या फुल्ल. नेट नाही. काकांच्या भुवया वर गेल्या. डब्याला हाक मारली, डब्याने ओ दिली. माळेच्या फुलांमधून डब्याचे दोन दिवे दिसत होते, दोन्ही हिरवे, न लुकलुकणारे. "आमच्या बाजूने सगळं बरोबर आहे," काका म्हणाले आणि चष्म्यावरून बागाईतदारांकडे बघितलं. "काय केलंत याला?"

"म्या? म्या कायबी केलं नाय काका. पंखा वाजत व्हता म्हणून तुमच्याकडं टाकला."

काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. मी पाणी दिलं. बागाईतदार बाकावर बसले. गडी अंगाने धिप्पाड, पण त्या बाकावर बसून लहान दिसायला लागले. घड्याळाकडे बघत, टोपी काढत, घालत. दहा मिनिटांनी म्हणाले, "जावयाला दिला व्हता दोन दिस."

"बघा," काका म्हणाले.

"पोरगी म्हनली, द्या ना आबा. आता पोरीच्या तोंडाकडं बघून नाय कसं म्हनायचं? पर त्यानं काय केलं असंल त्याच्यात, ते मला नाय ठाव. त्यो लय कुटाण्या हाय. मागल्या साली ट्रॅक्टर बी असाच नेला."

"लॅपटॉप ठेवून जा. जावयाने काय केलंय ते मी शोधतो."

ते गेले, जिन्यावरूनच जावयाला फोन लावत. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

दुसरे एक बँकेतले कारकून. कळपाटी बदलली होती. कांड्या फुल्ल, नेट नाही. हे गृहस्थ पाण्याचा पेला पुरा होण्याआधीच कबूल झाले. व्हायरसची भीती वाटते म्हणून त्यांनी व्हायरस मारणारे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच लॅपटॉपवर टाकले होते. काकांनी कपाळावर हात मारला. "एका दारावर तीन राखणदार बसवलेत, ते एकमेकांनाच मारत बसणार! ठेवून जा." कारकून माफी मागून गेले.

मी तेव्हा चिठ्ठ्या लिहीत होते. लिहिता लिहिता सहज डब्याकडे नजर गेली. वरच्या भोकात उदबत्तीच्या काडीचा जळून राहिलेला तुकडा अजून उभा होता. आणि मला ते विझलेले दिवे आठवले. एकाच सकाळी दोन लॅपटॉप, दोघांनाही एकच आजार. जावई दिंडोरीला, राखणदार बँकेत. दोघांमध्ये सारखं असं काय? डबा. आणि डब्याला हात कुणी लावला? मी पेन खाली ठेवलं.

काका डब्याकडे बघतसुद्धा नव्हते. जो माणूस जगातल्या प्रत्येक खालच्या माणसावर संशय घ्यायचा, त्याने स्वतःच्या भिंतीवर घेतला नाही. बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही, परवाच पूजा झालेली आहे, दिवे हिरवे आहेत. त्यांनी टेलिफोन ऑफिसला फोन केला. तिकडून लाईन चालू आहे असं सांगितलं. "म्हणजे पाहुण्यांतच खोट आहे," काका म्हणाले.

मला सांगायचं होतं. पण सांगितलं तर ते विचारणार, भोकाखाली काय लिहिलं होतं ते वाचलं नाही का? वाचता आलं नाही म्हटलं तर विचारणार, बारावीला इंग्रजी नव्हतं का? एक धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवणार. आणि नाही सांगितलं, तर मी ‘माहीत नाही’ म्हणणारा तो माणूस झाले. मी ठरवलं, दुपारी काका जेवायला गेले की काडी काढून टाकायची. देवीला नवस बोलले. काका जेवायला गेले, मी स्टुलावर चढले, काडी काढली. काही झालं नाही. नेट आलं नाही. नवस वाया गेला.

तीन वाजता लग्न जुळवणाऱ्या बाई आल्या. गंगापूर रोडला त्यांचं विवाह मंडळ होतं. लॅपटॉपची बिजागरी तुटली होती, ती बसवून तयार. काकांनी जोडला. कांड्या फुल्ल. नेट नाही. काकांनी बोट वर केलं.

"कळलं, कळलं, पाटी वाचता येते मला," बाई म्हणाल्या आणि स्वतःच बाकावर जाऊन बसल्या. पर्स मांडीवर घेतली. पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. मग एकदम म्हणाल्या, "सांगते. तीन मुलांची उंची मी वाढवून लिहिली. दोन दोन इंच."

काकांनी मान वर केली.

"मुलं सोन्यासारखी आहेत हो. पण मुली पाच फूट चारच्या खाली बघतच नाहीत फोटो. मी म्हटलं, दोन इंच काय, चपलेत निघून जातात."

"बाई, त्याचा इंटरनेटशी काय संबंध?"

"मला काय माहीत? तुम्हीच म्हणता ना, जे केलं ते सगळं सांगा!"

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. माझ्याकडे पाठ फिरवून, बराच वेळ पुसला. मला वाटतं त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं असावं, की माणसाला बाकावर बसवलं तर तो काही ना काही कबूल करतोच. ज्याने काही केलं नाही तोही.

आणि मी इकडे विचार करत होते : या बाईने दोन इंच वाढवले आणि तिला बसवलं नाही तरी ती सांगून मोकळी झाली. मी तर तीन इयत्ता वाढवल्यात.

"काका," मी म्हटलं, "मी केलं."

मी जाऊन डब्यावरची माळ वर सरकवली. दोन हिरव्या दिव्यांच्या शेजारी तिसरा दिवा होता, झेंडूच्या फुलामागे. तो विझलेला होता.

काकांनी स्टुलावर चढून दिव्याकडे बघितलं. मग भोकाकडे. भोकाच्या कडेला राख होती. "उदबत्ती?"

"हो."

"दाबली?"

"देवीचं नाव घेईपर्यंत."

"मोठं नाव घेतलंत वाटतं," काका म्हणाले. "अहो, हे दाबलं की डबा सगळं विसरतो. बाहेरच्या लाईनसाठी टेलिफोन ऑफिसने दिलेलं नाव, परवलीचा शब्द, सगळं. कारखान्यातून आला तसा कोरा होतो. इथे लिहिलंय की स्पष्ट." त्यांनी भोकाखाली बोट ठेवलं. "वाचलं नाही?"

"वाचता आलं नाही."

"बारावीला इंग्रजी नव्हतं?"

"बारावीच नव्हती, काका. नववी. तीही पुरती नाही."

विवाह मंडळाच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई! मी तर दोनच इंच वाढवले होते."

काका बाईंवर खेकसले नाहीत, माझ्यावरही नाहीत. ते स्टुलावरून उतरले, टेस्टर खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवला. मी माझी पिशवी शोधायला लागले. खुंटीवर समोर होती, तरी दिसत नव्हती.

"पिशवी राहू द्या," ते म्हणाले. "नववीचं नंतर बघू. आधी डबा."

ड्रॉवरमधून त्यांनी टेलिफोन ऑफिसने दिलेला एक कागद काढला, घडीवर फाटलेला. विवाह मंडळाच्या बाईंचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "बसा. मी हात लावणार नाही." आणि खरोखरच हात पाठीमागे बांधून उभे राहिले. डब्याचं पान उघडलं. इंग्रजीच इंग्रजी. मी एकेक अक्षर कागदावरून बोटाने धरून पडद्यावर आणत होते. नाव टाकलं. परवलीचा शब्द टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरतात हे मला नवीन. बाई पर्स मांडीवर घेऊन मागून बघत होत्या. "ते ओ नाही गं, शून्य आहे ते." काका म्हणाले, "तुम्ही बोलू नका, तुम्ही उंच्या बघा." सहा वाजून गेले. बाईंनी घरी फोन करून सांगितलं, मी दुकानात आहे, निघता येत नाही, इथे मजा चाललीय.

मग तिसरा दिवा लुकलुकला. स्थिर झाला. काकांनी काळी चौकट उघडली, दूरच्या कुणाला तरी हाक मारली. ओळी आल्या.

"ओ दिली," काका म्हणाले.

मी रडले ते सांगत नाही.

त्यानंतर काकांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे, आणि त्याबद्दलच त्यांना हसतेही. त्यांनी दोघा गिऱ्हाईकांना फोन लावले. उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तसे. "बिघाड आमच्याकडे होता. तुमचा काही दोष नाही. मी तुम्हाला उगाच बसवलं." कारकून म्हणाले, "पण मी दोन राखणदार काढून टाकू ना?" बागाईतदारांचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू आला. "अरारा काका! म्या तर त्याला सकाळपासनं चार डाव शिव्या घातल्या! ट्रॅक्टरचं बी काढलं!" आणि लगेच, "पर बरं झालं. ट्रॅक्टरचं काढायचंच व्हतं."

दुसऱ्या दिवशी पाटीखाली काकांनी खडूने एक ओळ लिहिलेली होती : ‘दुकानातसुद्धा.’ बाकावर बसवणं मात्र चालूच राहिलं. त्यांना ते सोडवत नव्हतं. फक्त आता कुणाला बसवण्याआधी ते एकदा डब्याकडे बघून यायचे, लोकांना कळू न देता.

आणि मी वाट बघत राहिले. ‘नववीचं नंतर बघू’ म्हणाले होते ना. ते नंतर कधी? दिवाळीनंतर? मार्च संपल्यावर? प्रत्येक पगाराच्या दिवशी वाटायचं, आज. ते "ताई, जरा इकडे या" म्हणाले की मी पदर सावरून अपराध्यासारखी जायचे, आणि ते विचारायचे, "चहा सांगितला का?" मधल्या काळात त्यांनी मला पडद्यावरच्या ओळी वाचायला लावल्या, रोज दहा. चुकले की बोलायचे नाहीत, नुसते गुणगुणायचे. त्यांच्या गुणगुणण्याला इतकी घाबरले, की शिकले. अडीच वर्षं गेली. ते ‘नंतर’ काही आलं नाही.

मग नवऱ्याची कंपनी तिचं एक युनिट होसूरला हलवू लागली, तमिळनाडूत. जे येतील त्यांना काम. आम्ही जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी काकांना म्हटलं, "काका, मला एक कागद द्या. इथे काम केल्याचा. तिकडे कामाला येईल."

काकांनी दुकानाच्या नावाचा कागद घेतला आणि हाताने, मराठीत लिहायला लागले.

"इंग्रजीत द्या ना काका. तिकडे कोण मराठी वाचणार?"

"इंग्रजीत माझ्याने फार गोड गोड लिहिलं जातं," ते म्हणाले. "मराठीतच घ्या."

लिहिलं ते एवढंच : ‘या ताई माझ्याकडे चार वर्षे होत्या. यांना बिघाड शोधता येतो. स्वतःकडचाही.’ त्याखाली ‘शिक्षण’ असं लिहिलं, त्याच्यापुढे दोन टिंबं दिली, आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"हे तुम्ही भरा. मी त्यावर शिक्का मारीन. काय भरलंत ते वाचणार नाही."

आणि ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मी लिहिलं. ते आले, कागद दुमडला, शिक्का नेमका त्या ओळीच्या खाली मारला. खरंच वाचलं नाही. निदान ओठ हलले नाहीत.

होसूरला मी एका सुट्या भागांच्या गोदामात कामासाठी गेले. तिथले साहेब तमिळ, हिंदी तुटकी, माझ्याइतकीच. काकांचा कागद त्यांनी सरळ धरला, उलटा धरला, शिक्क्यावर बोट फिरवलं. बाहेर आणखी चौघी बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "ये कौन सी भाषा? मराठी?" मी हो म्हटलं. "पढ़ के सुनाओ."

मी पहिलं वाक्य वाचून हिंदीत सांगितलं. दुसरं सांगितलं. तिसरं सांगितलं तेव्हा ते जरा हसले. मग मी ‘शिक्षण’ वाचलं, आणि त्यांचं बोट खाली आलं, दोन टिंबांच्या पुढे, जिथे माझं अक्षर होतं.

"ये क्या है? एजुकेशन?"

त्या अख्ख्या इमारतीत तो कागद वाचू शकणारी मी एकटी होते. जे म्हणेन ते त्यावर लिहिलेलं असणार होतं. बाहेर चौघींपैकी कुणीतरी खोकलं.

"नौवीं," मी म्हटलं. "वो भी पूरी नहीं."